विल्मा रुडॉल्फ आणि टेनेसी स्टेट : महाविद्यालयीन धावपथापासून रोम ऑलिंपिकपर्यंतचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

सप्टेंबर १९६० मध्ये रोम येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धेत विल्मा रुडॉल्फ या वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने १०० मीटर, २०० मीटर आणि ४ × १०० मीटर रिले या तीन शर्यतींत सुवर्णपदके मिळविली. एकाच ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्समधील तीन सुवर्णपदके मिळविणारी ती पहिली अमेरिकन महिला ठरली. बालपणी पोलिओने पाय अधू झालेली मुलगी जगातील सर्वांत वेगवान स्त्री झाली, ही कथा तेव्हापासून जगभर सांगितली जाते. व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांतून आणि शालेय वाचनातून ती आपल्याकडेही परिचित आहे.

या कथनाचा भर जिद्द, आत्मविश्वास आणि मातेची सेवा या वैयक्तिक गुणांवर असतो. हे गुण खरेच होते, त्यांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाला एक साधा प्रश्न पडतो. रोममध्ये रिले शर्यत जिंकणाऱ्या चारही धावपटू एकाच महाविद्यालयीन संघाच्या होत्या. केवळ एका मुलीच्या जिद्दीने विजयाचे स्पष्टीकरण होत असेल, तर उरलेल्या तिघींचे काय? एका लहान, अल्पसाधन, वर्णभेदाच्या कायद्याने वेगळ्या ठेवलेल्या संस्थेतून जागतिक दर्जाच्या धावपटू एकामागून एक का निर्माण झाल्या, याचे उत्तर व्यक्तीच्या चरित्रात पूर्णपणे सापडत नाही. ते संस्थेच्या इतिहासात शोधावे लागते.

प्रस्तुत लेखात विल्मा रुडॉल्फच्या वाटचालीचा विचार टेनेसी राज्यातील तिच्या महाविद्यालयाच्या संदर्भात केला आहे. महाविद्यालयाने तिला काय दिले, तिच्या यशाने महाविद्यालयाला व समाजाला काय दिले, आणि या देवाणघेवाणीच्या मर्यादा कोणत्या होत्या, या तीन प्रश्नांभोवती लेखाची मांडणी आहे.

संस्थेची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वर्णानुसार पृथक्करणाची व्यवस्था कायद्याने दृढ झाली. १८९६ च्या 'प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 'विभक्त पण समान' हे तत्त्व मान्य केले. उच्च शिक्षणाच्या क्षेत्रात १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने असे ठरविले की, ज्या राज्यांत कृष्णवर्णीयांना प्रवेश नाकारला जातो, त्यांनी त्यांच्यासाठी स्वतंत्र संस्था उपलब्ध करून दिल्याशिवाय केंद्रीय अनुदान मिळणार नाही. परिणामी दक्षिणेत कृष्णवर्णीयांसाठी स्वतंत्र सरकारी महाविद्यालये उभी राहिली. ती 'विभक्त' होती, 'समान' मात्र कधीच नव्हती.

टेनेसीच्या विधिमंडळाने १९०९ मध्ये मंजूर केलेली आणि १९१२ मध्ये नॅशव्हिल येथे सुरू झालेली 'ॲग्रिकल्चरल अँड इंडस्ट्रियल स्टेट नॉर्मल स्कूल' ही अशीच एक संस्था होय. आरंभी शिक्षकप्रशिक्षण, शेती व हस्तोद्योग एवढीच तिची व्याप्ती होती. १९२२ मध्ये तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला, १९५१ मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि १९६८ मध्ये 'टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी' हे आजचे नाव रूढ झाले. १९४३ ते १९६८ या दीर्घ काळात वॉल्टर डेव्हिस हे संस्थेचे अध्यक्ष होते. क्रीडास्पर्धांतून संस्थेचा लौकिक वाढू शकतो याची त्यांना जाण होती.

महिलांच्या ॲथलेटिक्सच्या बाबतीत ही संस्था अगदी पहिली नव्हती. अलाबामा राज्यातील टस्कीगी संस्थेत क्लीव्हलँड ॲबट यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात 'टस्कीगी रिले' ही स्पर्धा सुरू केली आणि पुढे तीत महिलांच्या शर्यतींचा समावेश केला. १९३७ पासून सुमारे दहा वर्षे टस्कीगीच्या महिला संघाचे राष्ट्रीय स्पर्धांत वर्चस्व राहिले. लंडन येथील १९४८ च्या ऑलिंपिकमध्ये टस्कीगीत घडलेल्या ॲलिस कोचमन हिने उंच उडीत सुवर्णपदक मिळविले. त्याच स्पर्धेत टेनेसी स्टेटच्या ऑड्री पॅटरसन हिने २०० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले. म्हणजे विल्मा आठ वर्षांची असतानाच तिच्या भावी महाविद्यालयाची एक विद्यार्थिनी ऑलिंपिक विजेत्यांच्या मंचावर उभी राहिली होती.

कृष्णवर्णीय महाविद्यालयांनाच या क्षेत्रात आघाडी का मिळाली, याचे एक कारण शिक्षणविषयक विचारांत आहे. १९२० च्या दशकापासून अमेरिकेतील श्वेतवर्णीय महिला शारीरिक शिक्षणतज्ज्ञांचा मोठा वर्ग मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांच्या विरोधात होता. चुरशीच्या स्पर्धेमुळे मुलींचे आरोग्य व स्त्रीत्व बिघडते, असे मत प्रचलित होते. ॲमस्टरडॅम येथे १९२८ मध्ये महिलांची ८०० मीटर शर्यत झाल्यानंतर उठलेल्या टीकेमुळे ही शर्यत १९६० पर्यंत ऑलिंपिकमधून वगळण्यात आली होती. त्यामुळे बहुसंख्य श्वेतवर्णीय महाविद्यालयांनी मुलींच्या स्पर्धात्मक धावण्याकडे पाठ फिरविली. कृष्णवर्णीय महाविद्यालयांवर या मताचा प्रभाव तुलनेने कमी होता. रिकाम्या राहिलेल्या या जागेत त्यांनी पाऊल ठेवले.

एड टेंपल आणि 'टायगरबेल्स'

एडवर्ड टेंपल हे १९२७ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्यातील हॅरिसबर्ग येथे जन्मले. दुसऱ्या महायुद्धानंतर ते धावपटू म्हणून टेनेसी स्टेटमध्ये शिकावयास आले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी महिला संघाचे प्रशिक्षक झाले. १९९४ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते याच पदावर होते. प्रशिक्षण हे त्यांचे एकमेव काम नव्हते. आरंभीच्या काळात महाविद्यालयाच्या आवारातील टपाल कार्यालय ते सांभाळीत आणि पुढे समाजशास्त्राचे अध्यापनही त्यांनी केले. महिला संघासाठी अंदाजपत्रकात नाममात्र तरतूद असे. धावपथ मातीचा व अपुऱ्या सोयींचा होता. परगावच्या स्पर्धांसाठी प्रवास मोटारीने होई. वाटेतील उपाहारगृहांत व प्रसाधनगृहांत कृष्णवर्णीयांना मज्जाव असल्याने शिदोरी बरोबर घेऊनच निघावे लागे.

या संघाला 'टायगरबेल्स' हे नाव पडले. महाविद्यालयाच्या पुरुष संघांचे चिन्ह वाघ हे होते. त्याला 'बेल' म्हणजे सुंदर कुलीन स्त्री हा शब्द जोडला गेला. दक्षिणेत हा शब्द परंपरेने श्वेतवर्णीय जमीनदार घराण्यांतील मुलींसाठी वापरला जाई. मोलकरणी व मजुरांच्या मुलींनी तो स्वतःसाठी घेणे यात एक सामाजिक अर्थ होता. शर्यतीनंतर छायाचित्रासाठी उभे राहण्यापूर्वी मुलींनी केस व पोशाख नीटनेटका करावा, असा टेंपल यांचा दंडक होता. धावणाऱ्या मुली पुरुषी दिसतात या तत्कालीन आक्षेपाला ते याप्रकारे उत्तर देत. या उत्तरात आक्षेपाची चौकट काही अंशी मान्य केलेली होती, हेही नमूद केले पाहिजे.

टेंपल यांच्या पद्धतीची तीन अंगे महत्त्वाची होती. पहिले अंग उन्हाळी शिबिराचे. शालेय मुलींना सुटीत महाविद्यालयात बोलावून त्यांच्याकडून दिवसातून तीन वेळा सराव करून घेतला जाई. महाविद्यालयात प्रवेश घेण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच मुलगी या व्यवस्थेत येत असे. दुसरे अंग शिस्तीचे. सरावाला अर्धा तास उशिरा आलेल्या विल्माला दर मिनिटाला एक याप्रमाणे तीस जादा फेऱ्या माराव्या लागल्या, ही हकिकत प्रसिद्ध आहे. तिसरे अंग शिक्षणाचे. धावणे हे पदवीपर्यंत पोहोचण्याचे साधन आहे, असे टेंपल मानीत. त्या काळी मुलींना आजच्या अर्थाने क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. त्या आवारात रोज काही तास काम करून शिक्षणखर्च भागवीत. टेंपल यांच्या कारकिर्दीत या संघातून चाळीस धावपटू ऑलिंपिकमध्ये उतरल्या आणि त्यांपैकी एकोणचाळीस जणींनी पदवी पूर्ण केली, असे संस्थेच्या इतिहासात अभिमानाने सांगितले जाते.

क्लार्क्सव्हिल ते नॅशव्हिल

विल्मा रुडॉल्फचा जन्म २३ जून १९४० रोजी टेनेसीतील क्लार्क्सव्हिलजवळ सेंट बेथलेहेम येथे झाला. वडील रेल्वेत हमाल होते, आई श्रीमंतांच्या घरी घरकाम करीत असे. वडिलांच्या दोन विवाहांतून झालेल्या बावीस अपत्यांपैकी ती विसावी. अपुऱ्या दिवसांची, अशक्त जन्मलेली ही मुलगी न्यूमोनिया व स्कार्लेट तापाने आजारी पडली. पोलिओने तिचा डावा पाय दुर्बल केला. क्लार्क्सव्हिलमध्ये कृष्णवर्णीयांसाठी पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती. सुमारे ऐंशी किलोमीटरवरील नॅशव्हिल येथे मेहारी या कृष्णवर्णीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात आई तिला दर आठवड्याला बसने घेऊन जाई. घरी आई व भावंडे दिवसातून अनेकदा तिचा पाय चोळीत. पायातील आधारपट्टा व नंतर विशेष बूट वापरून अखेर बाराव्या वर्षाच्या सुमारास ती कोणत्याही साधनाशिवाय चालू लागली.

येथेही प्रचलित कथनात एक गोष्ट वगळली जाते. विल्माचा पाय बरा होण्यात आईच्या निष्ठेचा वाटा मोठा होता, पण ती निष्ठा फलद्रूप होण्यासाठी मेहारीसारखी संस्था अस्तित्वात असणे आवश्यक होते. पृथक्करणाच्या काळात कृष्णवर्णीय समाजाच्या स्वतःच्या संस्थांचे एक जाळे निर्माण झाले होते. शाळा, चर्च, रुग्णालय आणि महाविद्यालय हे त्याचे घटक होते. विल्मा या जाळ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेली.

क्लार्क्सव्हिलच्या बर्ट हायस्कूलमध्ये ती बास्केटबॉल खेळू लागली. क्लिंटन ग्रे हे तिचे तेथील प्रशिक्षक. एका सामन्यात पंच म्हणून आलेल्या टेंपल यांनी तिचे उंच, सडपातळ शरीर व लांब पावले हेरली आणि तिला उन्हाळी शिबिरासाठी नॅशव्हिलला बोलावले. टस्कीगी येथील स्पर्धेत तिला सर्व शर्यतींत पराभव पत्करावा लागला. केवळ नैसर्गिक वेगावर विसंबून चालत नाही, हा धडा तिला तेथे मिळाला. शिबिरात सुरुवातीची झेप, श्वासावर नियंत्रण, खांदे सैल ठेवून धावणे आणि बॅटन बदलण्याचे तंत्र यांवर काम झाले. १९५६ च्या फिलाडेल्फिया येथील राष्ट्रीय स्पर्धेच्या कनिष्ठ गटात ती उतरलेल्या नऊही शर्यती तिने जिंकल्या.

त्याच वर्षी सोळाव्या वर्षी ती मेलबर्न ऑलिंपिकसाठी निवडली गेली. २०० मीटर शर्यतीत ती प्राथमिक फेरीतच बाद झाली. रिलेमध्ये मात्र मे फॅग्ज, मार्गारेट मॅथ्यूज आणि इझाबेल डॅनियल्स यांच्यासह तिने कांस्यपदक मिळविले. चौघीही टेंपल यांच्याच शिष्या होत्या. यांपैकी मे फॅग्ज ही १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील रिले सुवर्णपदकाची मानकरी होती. तिने नवख्या विल्माला सांभाळून घेतले. ज्येष्ठ धावपटूने कनिष्ठ धावपटूला घडवावे, ही या संघाची अलिखित परंपरा होती. हेलसिंकीच्या त्याच स्पर्धेत मुंबईची मेरी डिसोझा १०० व २०० मीटर शर्यतींत धावली होती. ऑलिंपिकमध्ये भाग घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिलांपैकी ती एक होय. फॅग्जच्या मागे एक महाविद्यालय आणि त्यातील शिक्षकांचे सातत्यपूर्ण काम उभे राहिले. त्या तोडीची व्यवस्था त्या काळी भारतीय विद्यापीठांत महिलांसाठी नव्हती.

शालेय शिक्षणाच्या अखेरच्या वर्षी विल्मा गरोदर राहिली आणि १९५८ च्या उन्हाळ्यात तिला कन्या झाली. माता झालेल्या मुलीला संघात घ्यावयाचे नाही, असा टेंपल यांचा नियम होता. विल्माच्या बाबतीत त्यांनी तो बाजूला ठेवला. बाळाचा सांभाळ कुटुंबाने केला आणि त्याच वर्षी तिने महाविद्यालयात प्रवेश घेतला. त्या काळात अविवाहित मातेचे शिक्षण बहुधा तेथेच संपत असे. महाविद्यालयाच्या इतिहासातील हा निर्णय कोणत्याही पदकाइतकाच महत्त्वाचा मानावा लागेल. येथे एका शिक्षकाने स्वतःच केलेल्या नियमापेक्षा विद्यार्थिनीच्या भवितव्याला अधिक महत्त्व दिले.

१९६० : आवारातील दोन चळवळी

१९५९ मध्ये शिकागो येथील पॅन अमेरिकन स्पर्धेत विल्माने १०० मीटरमध्ये रौप्य व रिलेमध्ये सुवर्णपदक मिळविले. या स्पर्धेतील १०० व २०० मीटरची सुवर्णपदके ल्युसिंडा विल्यम्स या तिच्याच संघातील ज्येष्ठ धावपटूने पटकाविली होती. म्हणजे विल्माची सर्वांत कठीण स्पर्धा तिच्या रोजच्या सरावातच होती. ९ जुलै १९६० रोजी टेक्सासमधील कॉर्पस ख्रिस्ती येथे तिने २०० मीटर अंतर २२.९ सेकंदांत पार केले. २३ सेकंदांच्या आत हे अंतर धावणारी ती पहिली महिला होय.

त्याच वर्षी नॅशव्हिल शहरात आणखी एक इतिहास घडत होता. १३ फेब्रुवारी १९६० रोजी फिस्क, टेनेसी स्टेट, अमेरिकन बॅप्टिस्ट व मेहारी या संस्थांतील विद्यार्थ्यांनी शहरातील दुकानांच्या भोजनकक्षांत शांतपणे बसून सत्याग्रह सुरू केला. जेम्स लॉसन हे त्यांना अहिंसक प्रतिकाराचे प्रशिक्षण देत होते. लॉसन यांनी काही काळ नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजमध्ये काम केले होते आणि गांधीविचाराचा अभ्यास केला होता. महाराष्ट्रातील एका महाविद्यालयाचा नॅशव्हिलच्या या लढ्याशी असलेला हा धागा नोंद घेण्याजोगा आहे. १९ एप्रिल रोजी विद्यार्थ्यांचे वकील झेड. अलेक्झांडर लूबी यांच्या घरावर बॉम्ब टाकण्यात आला. हजारो लोक मोर्चाने नगरगृहावर गेले. १० मे रोजी शहरातील भोजनकक्ष कृष्णवर्णीयांसाठी खुले झाले.

एकाच आवारात एक गट पहाटे धावपथावर सराव करीत होता आणि दुसरा गट तुरुंगात जाण्याची तयारी करीत होता. दोन्हींना शिस्त, संयम व सामूहिकता यांची गरज होती. राज्यसत्तेची या दोघांकडे पाहण्याची दृष्टी मात्र वेगळी होती, हे पुढील वर्षी स्पष्ट झाले.

रोममधील यश

रोम ऑलिंपिकच्या महिला ॲथलेटिक्स संघाचे प्रशिक्षक म्हणून टेंपल यांचीच नियुक्ती झाली होती. सराव करताना विल्माचा पाय मुरगळला, तरीही ती शर्यतीसाठी उभी राहिली. २ सप्टेंबर रोजी १०० मीटरच्या उपान्त्य फेरीत तिने ११.३ सेकंदांच्या विश्वविक्रमाची बरोबरी केली आणि अंतिम शर्यत ११.० सेकंदांत जिंकली. पाठीमागून वाहणाऱ्या वाऱ्याचा वेग नियमात बसत नसल्याने ही वेळ विश्वविक्रम म्हणून धरली गेली नाही. ५ सप्टेंबर रोजी समोरच्या वाऱ्यात तिने २०० मीटरची अंतिम शर्यत २४.० सेकंदांत जिंकली. प्राथमिक फेरीत तिने २३.२ सेकंदांचा ऑलिंपिक विक्रम केला होता.

रिलेमध्ये मार्था हडसन, बार्बरा जोन्स, ल्युसिंडा विल्यम्स आणि विल्मा असा क्रम होता. प्राथमिक फेरीत या संघाने ४४.४ सेकंदांचा विश्वविक्रम केला. अंतिम शर्यतीत विल्यम्सकडून बॅटन घेताना विल्माचा हात चुकला, बॅटन पडता पडता राहिले आणि आघाडी गेली. अखेरच्या टप्प्यात तिने ती परत मिळविली. अमेरिकेने ४४.५ सेकंदांत सुवर्णपदक जिंकले आणि जर्मनीचा संघ दुसरा आला. त्याच स्पर्धेत टेनेसी स्टेटच्या राल्फ बोस्टन याने पुरुषांच्या लांब उडीत सुवर्णपदक मिळविले. मिल्खा सिंग यांचे ४०० मीटर शर्यतीतील पदक थोडक्यात हुकले, तेही याच रोममध्ये.

या यशाला मिळालेल्या प्रसिद्धीची कारणे मैदानाबाहेरही होती. रोमच्या स्पर्धेची दृश्ये दूरचित्रवाणीवरून अनेक देशांत दाखविली गेली. अमेरिकेत त्यांच्या चित्रफिती विमानाने नेऊन प्रक्षेपित केल्या जात. शिवाय शीतयुद्धाचा तो काळ होता. १९५८ पासून अमेरिका व सोव्हिएत संघ यांच्यात ॲथलेटिक्सचे द्विपक्षीय सामने सुरू झाले होते आणि महिलांच्या शर्यतींत अमेरिका मागे पडत होती. वर्णद्वेषाच्या बातम्यांमुळे जगात अमेरिकेची प्रतिमा मलिन झाली असताना विजयी कृष्णवर्णीय विद्यार्थिनी सरकारला उपयुक्त ठरली. युरोपीय वृत्तपत्रांनी तिला 'काळी हरिणी', 'काळा मोती' अशी विशेषणे दिली. कौतुकाच्या या भाषेतही तिचा वर्ण आधी आणि तिचे कर्तृत्व नंतर येत होते.

यशाचा सामाजिक परिणाम आणि त्याच्या मर्यादा

विल्माच्या स्वागतासाठी ४ ऑक्टोबर १९६० रोजी क्लार्क्सव्हिलमध्ये मिरवणूक व मेजवानी ठरली. प्रथेप्रमाणे कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय नागरिकांची व्यवस्था वेगळी असावयाची होती. अशा समारंभाला उपस्थित राहण्यास तिने नकार दिला. परिणामी त्या शहराच्या इतिहासातील पहिला एकत्रित सार्वजनिक समारंभ पार पडला. वीस वर्षांच्या विद्यार्थिनीने आपल्या प्रतिष्ठेचा असा उपयोग करावा, ही लक्षणीय घटना होय. तथापि एका दिवसाच्या समारंभाने शहर बदलले नाही. १९६३ मध्ये तेथील एका उपाहारगृहात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या निदर्शनांत तिला पुन्हा सहभागी व्हावे लागले.

१९६१ मधील घटना अधिक बोलकी आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये विल्माने व्हाईट हाऊसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची भेट घेतली, जुलैमध्ये श्टुटगार्ट येथे १०० मीटरचा ११.२ सेकंदांचा विश्वविक्रम केला आणि त्या वर्षीचा देशातील सर्वोत्कृष्ट हौशी खेळाडूसाठीचा सुलिव्हन पुरस्कारही तिला मिळाला. त्याच वर्षी दक्षिणेतील आंतरराज्य बसगाड्यांतील पृथक्करणाला आव्हान देणाऱ्या 'फ्रीडम राइड'मध्ये भाग घेतल्याबद्दल टेनेसी स्टेटने आपल्या चौदा विद्यार्थ्यांना काढून टाकले. संस्था राज्याच्या अनुदानावर अवलंबून होती आणि राज्यकर्त्यांचा दबाव मोठा होता. २००८ मध्ये या विद्यार्थ्यांना सन्माननीय पदव्या देण्यात आल्या. जे राज्य धावणाऱ्या विद्यार्थिनीच्या गळ्यात हार घालीत होते, तेच राज्य बसमध्ये बसणाऱ्या विद्यार्थ्यांची हकालपट्टी करवीत होते. क्रीडायश सत्तेला पेलणारे होते, हक्काची मागणी पेलणारी नव्हती. महाविद्यालयाचा लौकिक आणि महाविद्यालयाचे धैर्य या दोन वेगळ्या बाबी असू शकतात, हे यातून दिसते.

आर्थिक बाजूही विचारात घ्यावी लागते. हौशी खेळाडूंच्या तत्कालीन नियमांमुळे कीर्तीचे रूपांतर उत्पन्नात होत नव्हते. विल्माने १९६२ मध्ये, यशाच्या शिखरावर असतानाच, स्पर्धात्मक धावणे थांबविले. १९६३ मध्ये तिने शिक्षणशास्त्रातील पदवी पूर्ण केली. त्यानंतर रुडॉल्फ यांनी क्लार्क्सव्हिलमध्ये, ज्या प्राथमिक शाळेत त्या शिकल्या होत्या तेथेच अध्यापन केले. पुढे त्यांना अनेक शहरांत अनेक नोकऱ्या कराव्या लागल्या. १९७७ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले आणि १९८१ मध्ये त्यांनी गरीब मुलांच्या क्रीडाप्रशिक्षणासाठी प्रतिष्ठान स्थापन केले. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी वयाच्या चौपन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. पदकांनी त्यांना उपजीविका दिली नाही, ती पदवीने दिली. टेंपल यांचा शिक्षणाविषयीचा आग्रह येथे सार्थ ठरतो.

परंपरेचे सातत्य

विल्मानंतर संघाची परंपरा खंडित झाली नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटरचे सुवर्ण वायोमिया टायसने व रौप्य ईडिथ मॅग्वायरने मिळविले. २०० मीटरचे सुवर्णपदक मॅग्वायरला मिळाले. १९६८ मध्ये मेक्सिको येथे टायसने पुन्हा १०० मीटर शर्यत जिंकली आणि हे सुवर्णपदक लागोपाठ दोनदा मिळविणारी ती जगातील पहिली धावपटू ठरली. मॅडलिन मॅनिंगने त्याच वेळी ८०० मीटरमध्ये सुवर्णपदक मिळविले. टेंपल यांच्या शिष्यांच्या नावावर एकूण २३ ऑलिंपिक पदके आहेत. त्यांत १३ सुवर्ण, ६ रौप्य व ४ कांस्यपदके आहेत.

१९७२ च्या 'टायटल नाइन' या तरतुदीने शिक्षणसंस्थांतील लिंगभेदाला बंदी घातली. त्यानंतर मोठ्या व संपन्न विद्यापीठांनी महिलांना क्रीडा शिष्यवृत्त्या देण्यास सुरुवात केली. पृथक्करण संपल्याने कृष्णवर्णीय मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला. न्यायाच्या दृष्टीने ही प्रगतीच होती. पण ज्या लहान महाविद्यालयांनी कोणी लक्ष देत नसताना हे क्षेत्र जोपासले, ती या नव्या स्पर्धेत मागे पडली. इतिहासात पायवाट पाडणाऱ्याला पुढे राजमार्गावर स्थान मिळतेच असे नाही.

समारोप

या अभ्यासातून काही निष्कर्ष पुढे येतात. पहिला असा की, विल्मा रुडॉल्फचे यश अपवादात्मक प्रतिभेचे असले, तरी ते एका परंपरेच्या मध्यावर उभे होते. तिच्या आधी पॅटरसन व फॅग्ज होत्या, तिच्यानंतर मॅग्वायर व टायस आल्या. दुसरा असा की, या परंपरेचा पाया पैसा किंवा भव्य क्रीडासंकुल हा नव्हता. शालेय वयात गुण हेरणे, दीर्घकाळ एकाच शिक्षकाने काम करणे, ज्येष्ठांनी कनिष्ठांना घडविणे आणि पदवीला पदकाइतकेच महत्त्व देणे ही तिची सूत्रे होती. यांपैकी एकही सूत्र केवळ अमेरिकेतच शक्य आहे असे नाही. तिसरा निष्कर्ष अधिक अवघड आहे. समाजाने नाकारलेल्या विद्यार्थ्यांना संस्था संधी देऊ शकते, आणि त्याच वेळी सत्तेपुढे नमून आपल्याच विद्यार्थ्यांना नाकारूही शकते. टेनेसी स्टेटच्या इतिहासात या दोन्ही गोष्टी एका वर्षाच्या अंतरात घडल्या.

म्हणून विल्माची कथा विद्यार्थ्यांना सांगताना ती जिद्दीच्या बोधकथेपुरती मर्यादित ठेवणे इतिहासाला धरून होणार नाही. अपयशाचा सर्व भार विद्यार्थ्याच्या इच्छाशक्तीवर टाकण्याचा धोका त्या मांडणीत असतो. मेहारीचे रुग्णालय, बर्ट हायस्कूलचे मैदान, नॅशव्हिलचा मातीचा धावपथ आणि एका मातेला पुन्हा वर्गात येऊ देणारा शिक्षक यांच्यासह ती सांगितली गेली, तर त्या कथेतून विद्यार्थ्यांइतकाच प्राध्यापकांनाही आपल्या जबाबदारीचा बोध होईल.